शिंपला आणि काकण

किनारवाडी, ता. मालवण
७ नोव्हेंबर १९८६

चि. रविकांत यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नको. माझी पत्रे नेहमी पार्वती लिहिते, पण हे तिच्याबद्दलच आहे, म्हणून चार दिवस लपूनछपून स्वतःच लिहितो आहे. चौथीपर्यंतच शिकलो. अक्षर लागले नाही तर दोनदा वाच.

तुझ्या बायकोने वाडीतल्या बायकांचे मंडळ काढले आहे. सातवीनंतर पोरी शाळा सोडून डोक्यावर टोपली घेतात, ते थांबवायचे म्हणे. मासे विकणारी प्रत्येक बाई आपल्यातला एक मासा मुलींच्या टोपलीत टाकते. त्यातून दोघींचा एस.टी.चा पास झाला, त्या मालवणला हायस्कुलात जातात. इथपर्यंत मलाही कौतुक होते. पण आता त्यांना रापणीच्या जाळ्यात येणाऱ्या मासळीतला एक वाटा हवा आहे. पार्वती म्हणते, की देवाचो वाटो काढतास, मगे शिकणाऱ्या चेडवांचो कित्याक नको?

रापणीचा म्होरक्या भिकाजी तांडेल खवळला आहे. त्याची नात सीता पहिल्या नंबराची, तिलाच त्याने यंदा घरी बसवली. तो बजावून गेला, की पौर्णिमेनंतरच्या ओढीला बायकांची खूण हातात घेतलीस तर तुझ्या घराचो वाटो बंद, आणि रविकांत परत इलो तरी त्याणे दोराक हात लावूचो नाय.

तुला ठाऊकच आहे, वाळूवर ढीग घातले की सगळ्यांच्या खुणा माझ्या हातात येतात. कोणाची काडी, कोणाची करवंटी, आपला शिंपला. मी डोळे मिटून एकेका ढिगावर एकेक टाकतो. ज्याची खूण, त्याचा ढीग. सव्वीस वर्षांत कोणी माझ्या हाताला नाव ठेवले नाही. आता पार्वती बायकांची खूण म्हणून काकण पुढे करणार. घेतले तर तुझे पोट जाते, नाही घेतले तर चारचौघांत सून हात पसरून उभी राहते. अन्न गोड लागत नाही. काय करू ते कळव.

तुझा,
बाबा


वास्को
१२ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप बाबांस रविकांतचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचले. मी आणि खोलीतले दोघे, अशी तीन माणसे लावून एकेक अक्षर ओढून काढले. पार्वतीचेही आले आहे. त्यात वाट्याबद्दल अक्षर नाही. बाबांना हल्ली जेवण जात नाही, एवढेच. म्हणजे तुम्ही लपवताय ते तिला दिसते आहे.

ट्रॉलरवरचे काम मे महिन्यापर्यंतच. पुढे रापणीवाचून मला काय आहे? म्हणून वाटा गेला तर जाऊ दे, असे लिहवत नाही. तिला गप्प बसवा, असेही लिहवत नाही. तिने स्वतःसाठी काही मागितलेले मला आठवत नाही. तुमच्या हाताला बरोबर वाटेल ते करा. फक्त भिकाजीकाकांशी शब्द वाढवू नका. लोभ आहेच, तो तसाच राहो.

आपला,
रविकांत


किनारवाडी
२३ नोव्हेंबर १९८६

चि. रविकांत यास अनेक आशीर्वाद.

मंगळवारी रापण ओढली. बांगडा बरा होता. ढीग एकोणीस, खुणाही एकोणीस. पार्वतीने हातातले हिरवे काकण काढून पुढे धरले. भिकाजी ओरडला, की काकणां भरलेले हात दोर ओढूक येतत काय! यमुनाबाई, बायकांतली थोरली, म्हणाली, की रे भिकाजी, मगे सकाळपासून दोराच्या शेपटाक कोण हुती, तुझी आय? सगळे हसले. मला हसू आले नाही.

मी काकण घेतले. आपला शिंपला कमरेला खोचला आणि डोळे मिटले. भिकाजीला काकण दिसले, शिंपला दिसेना. मी म्हटले, आज माका वाटो नको, तो काकणाक. वाटा बंद करीन म्हणणाऱ्यासमोर मीच तो सोडला, तेव्हा तो पाठ फिरवून दोर गुंडाळायला गेला. त्या दिवशी घरात मासळीऐवजी कुळथाची पिठी झाली. पार्वतीने मला ती दोनदा वाढली.

आज सकाळी बैठक झाली. माझा हात सुनेकडे वळला, म्हणून खुणा यापुढे माझ्याकडे नाहीत, असे ठरले. सव्वीस वर्षे रे! मग कोणाकडे? रापणीतला दाजी पुढे झाला, तर त्याच्या सख्ख्या भावालाच तो नको. एकाचा दुसऱ्यावर भरवसा नाही. ऊन डोक्यावर आले. तेव्हा यमुनाबाई मागून म्हणाली, की वाडीतली सगळी पत्रां पार्वती वाचता, सगळ्यांच्या घरातला तिका ठावक आसा, आजून एक तरी गजाल भायर इली काय? भिकाजीचीही पत्रे तीच वाचते. एका ओढीपुरत्या खुणा तिच्या हाती द्यायचे ठरले.

ती ओढ उद्या आहे. ढीग एकोणीस घालायचे की वीस, ते भिकाजी वाळूवरच सांगणार. एकोणीस घातले तर काकण तरी बाहेर राहील किंवा आपला शिंपला तरी, आणि आता निवड तिची. मी म्हटले, शिंपला घरीच राहू दे. ती म्हणाली, की बाबा, शिंपलो द्या. सगळ्यांच्या खुणा मुठीत घेवन उभी रवतलंय, विसावो ढीग पडासर एकय टाकूचंय नाय. मी दिला. द्यायला जरा वेळ लागला.

संध्याकाळी भिकाजीची सीता पार्वतीकडून आठवीचे पुस्तक मागून घेऊन गेली. आजोबांनी पाठवली की चोरून आली, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

हे पत्र मी पार्वतीला दाखवले आहे. तिने चुका सुधारल्या नाहीत, नुसता तुझा पत्ता नीट लिहिला. जीव टांगणीला लागला आहे रे. उत्तर दोघांच्या नावाने घाल, पण लवकर घाल.

तुझा,
बाबा