खुराड्यामागचा पाटा

प्रिय राही,

पत्राला उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. तू पंचमीला शिराळ्याला माहेरी गेलीस, मागं गौरी-गणपती झाले, दसरा होऊनही आज नववा दिवस, आणि मी आत्ता लिहायला बसलोय. वही आणून महिना झाला. पहिला कागद 'प्रिय' लिहावं का नको यातच फाडला. सेहेचाळीस वर्षांत तुला असं कधी म्हटलं नाही, आता एकदम वाचलंस तर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणशील. पण दुसरा शब्द सापडला नाही, म्हणून तोच ठेवला. तू सातवी पास आणि मी चौथीतून शाळा सोडलेली, तेव्हा चुका निघतील त्या मनातल्या मनात सुधारून घे. फोन करून बघितला. सिद्धू उचलतो आणि म्हणतो, "दाजी, आक्का परड्यात हाय." सकाळी घरामागं परड्यात, दुपारी परड्यात. परवा मी त्याला म्हटलं, आरं, तिला परड्यातच खाट टाकून दिलीस का? तर मेव्हणा हसला, पण फोन काही तुझ्याकडं गेला नाही.

बातमी अशी की खुराडं दुरुस्त केलंय. उन्हाळ्यापासून ते रिकामं होतं. आषाढात सांगलीहून आपल्या लेकीचं, पूजाचं बाळंतपण उरकून तू आलीस, पिशवी खाली ठेवायच्या आधी खुराड्याकडं गेलीस आणि तशीच उभी राहिलीस, त्या दिवसापासून मी त्या बाजूला जायचंच टाळत होतो. गोठ्यात जायचं तरी पलीकडून वळसा घालून जायचो. दसऱ्याआधी सगळं उचकटलं. पत्रा दोन ठिकाणी गंजलेला, तो बदलला. आतली बाभळीची दांडी वाळवीनं पोकळ केली होती, नवीन घातली. जमीन वीतभर खरडून काढली, चुना मारला, कडुलिंबाचा पाला पेटवून धूर केला. तो जरा जास्तच झाला. समोरच्या धनपाल शेठजींना वाटलं गोठा पेटला, ते दुकान उघडं टाकून बादली घेऊन धावत आले.

जाळी त्यांच्याच दुकानातून आणली. मला संकट पडलं, जैन माणसाला कोंबड्यांची जाळी कशी मागायची? म्हटलं, भाजीच्या वाफ्याला पाहिजे. तर ते म्हणाले, "केरबा, चाळीस वर्सं समोर राहतोय. कशाला पायजे ते मला सांगू नगंस, मला ऐकायचंबी न्हाई. पर घट्ट बसव म्हंजे झालं. जीव तो जीव." आणि वर विचारलं, "वैनी येणार म्हणून ह्यो उद्योग, का ह्यो उद्योग केल्यावर वैनी येतील म्हणून?" मी खिळे मोजत बसलो. राजमतीवहिनी आतून म्हणाल्या, "आवं, गप बसा, त्यांचं तोंड बघा की." माझं तोंड कसं दिसत होतं कुणास ठाऊक. आरशात बघायचं राहूनच जातं हल्ली, दाढी चार-चार दिवस तशीच.

मधेच उठून खुराड्याची कडी बघून आलो. लागलेली आहे. दिवसातून वीसदा बघतो, हात लावून बघतो, आणि वहीपाशी आलो की वाटतं, लावली होती की नुसती टेकवली होती?

कडेगावच्या बाजारातून पाच तलंगा आणल्यात, अजून अंड्यावर यायच्यात, आणि एक कोंबडा. तलंगा बऱ्या आहेत, पण कोंबडा मला फसवून दिला असं वाटतं. त्याचा एक डोळा सारखा पाणावतो. त्याला काही झालं तर इतरांना लागेल, म्हणून दोन दिवस वेगळा बांधला, तर तो इतका ओरडला की परत सोडला. तू तोंडानं जो आवाज काढायचीस ना, दाणे टाकताना, तो मला जमत नाही. मी आवाज दिला की त्या पळून जातात. पहिल्या दिवशी संध्याकाळी एकही आत जाईना, पाचही जणी शेवग्यावर चढून बसल्या. शेवटी शिडी लावली. या वयात शिडीवर चढून कोंबड्या उतरवणारा माणूस गावानं बघितला, आणि कुणीही मदतीला आलं नाही, सगळे नुसतं सांगत होते, डावीकडची धरा, उजवीकडची धरा.

एक जुनी कोंबडीही आणलीय, खुडूक झालेली, अंड्यांवर बसायला आसुसलेली. ती औंधच्या आपल्या पुतणीकडून, दीपमालाकडून आणली. तिनं नको नको म्हणत दिली, तिला त्या कोंबडीचा लळा लागला होता. येताना एसटीत पिशवीतून कोंबडीनं मान बाहेर काढली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, ह्या पाव्हणीचं तिकीट?" मी म्हटलं, मांडीवर बसलीय की. "मांडीवर बसल्यालं पोर पाच वर्साच्या आतलं लागतं. वय काय हिचं?" सगळी एसटी हसली. मी मात्र घाबरलो, कारण वय खरंच मला माहीत नव्हतं. तुला माहीत असेल. ते का, हे पुढं सांगतो. सांगायचंच आहे.

दसऱ्याच्या दिवशी तिच्याखाली तेरा अंडी ठेवली. अंडी दीपमालानंच दिली, पोरांच्या जुन्या स्वेटरात गुंडाळून आणली. विषम आकडा ठेवतात एवढं तुझ्याकडून ऐकलेलं. टोपल्यात भुस्सा घातला आणि विजेनं अंडी बिघडू नयेत म्हणून तू घालायचीस तसा लोखंडाचा तुकडा घातला. तू कोणता घालायचीस ते आठवेना, मी विळ्याचं मोडकं पातं घातलं, मग तिला कापेल म्हणून काढलं, मग खिळा घातला. ती दिवसातून एकदाच उठते, खाते, धूळ अंगावर घेते आणि परत बसते. मला वाटतं ती जास्त वेळ बाहेर राहते. अंडी गार झाली तर? हात घालून बघायला गेलो तर असं टोचलंय की अंगठा अजून दुखतोय, अक्षर वाकडं आलं असेल तर त्यामुळं. बोटावर मोजलं, एकविसावा दिवस पाडव्याला येतो. ऐन दिवाळीत. फटाक्यांनी ती बिथरून उठली तर काय करायचं? पिल्लं कवचात अडकली तर सोडवायची का नाही? तू एकदा सोडवली होतीस आणि एकदा मला हात लावू दिला नव्हतास. दोन्ही वेळा तुझंच बरोबर निघालं, पण का, ते मी विचारलं नाही.

हे खुराडं मी बांधलं तेव्हा पूजा रांगत होती. तू शिराळ्याहून दोन कोंबड्या टोपलीत घालून आणल्या होत्यास आणि माझी आई म्हणाली, सुनबाईनं माहेरची माणसं आणली. तीन भिंती मी नीट बांधल्या. मागची भिंत घाईत झाली, उसाला पाणी द्यायचं होतं. दगड बसवले आणि नुसत्या मातीनं लिंपलं. ती भिंत तेव्हापासून तशीच कच्ची.

आषाढात तू विचारलंस, कोंबड्या कुठं आहेत? मी म्हटलं, रोग आला होता, मोटरसायकलवरचा व्यापारी आला, त्याला विकल्या. आणि तुझ्या हातात नोटा ठेवल्या. तू त्या मोजल्या नाहीस. देवळीत ठेवल्यास, अजून तिथंच आहेत. तू एवढंच म्हणालीस, "माझ्या व्हत्या त्या. मला इचारायचं तरी. आवं, एक तरी ठिवायची." मी तुझ्यावरच ओरडलो, तू तिकडं दोन महिने बसलीस, मी एकट्यानं काय काय बघायचं, म्हणून. पंचमीपर्यंत तू माझ्याशी गरजेपुरतं बोललीस. मग गेलीस. तुला वाटतं मी हट्टी आहे, मी तुझी वस्तू न विचारता विकतो. ते मला चालत होतं. त्याहून वाईट जे होतं, ते तुला कळू नये म्हणून.

आता लिहितो. मधे थांबलो तर परत लिहिणार नाही. राही, मी कोंबड्या विकल्या नाहीत. व्यापारी कुणी आला नव्हता, त्या नोटा माझ्याच पेटीतल्या. तू सांगलीला गेल्यावर आठव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर दहाही मरून पडल्या होत्या. मुंगूस शिरलं होतं, मागच्या भिंतीच्या बिळातून. तेच बीळ, जे बुजवायला तू मला तीन वर्षं सांगत होतीस आणि एका दिवाळीला मी सांगितलं होतं, बुजवलं, सिमेंट केलं. मी पोतं कोंबून वर चिखल थापला होता. आता दुरुस्तीला त्या भिंतीपाशी बसून खरडताना वळचणीखालच्या जमिनीवर एक घासलेली खूण दिसली, बिळाच्या बरोबर समोर, रोज काहीतरी सरकवल्यासारखी. बराच वेळ कळेना. मग कळलं. जुना फुटका पाटा. तो तिथं भिंतीला टेकून असायचा. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी माझा पाय त्याला ठेचकाळला, आणि मी तो उचलून नळापाशी नेला, पाय धुवायला बरा म्हणून. चांगलं काम केलं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं होतं. सिमेंटचं मी खोटं बोललो हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तू मला तोंडावर खोटं न पाडता रोज संध्याकाळी तो पाटा सरकवत होतीस. जाताना दाणे, पाणी, कडी, सगळं सांगून गेलीस. पाट्याचं सांगितलं नाहीस, कारण सांगितलं असतं तर बिळाचंही बोलावं लागलं असतं. त्या दहाजणी मी ओढ्याकाठी पुरल्या. एक वाचली, चंद्री. खुडूक मोडावी म्हणून मी तिला ओसरीवर डालग्याखाली ठेवली होती. सगळ्या विकल्या म्हणायचं तर ती घरात कशी, म्हणून तिला पिशवीत घालून औंधला नेऊन दिली आणि दीपमालाला शपथ घातली. तू म्हणालीस एक तरी ठेवायची, तेव्हा ती जिवंत होती आणि मी गप्प बसलो. आता ती परत आलीय, तुझी लाल चिंधी अजून पायाला आहे. खुराड्यात सोडली तर कुणी न दाखवता तिच्या जुन्या कोपऱ्यात गेली. बीळ दगड-सिमेंटनं बुजवलंय, धनपाल शेठजींना बसून बघायला लावलं, म्हणजे साक्षीदार आहे. तरी पाटा परत आणून रोज संध्याकाळी तिथं लावतो. माझ्या सिमेंटचा मला भरवसा नाही. चंद्रीला पाडव्यापर्यंत बारा दिवस उरलेत, पत्राला तुझ्याकडं पोचायलाच तीन-चार जातील. रागावलीस तर इथं येऊन रागाव, मी उलटं बोलणार नाही. येणार नसशील तर तेही कळव, पण सिद्धूकडून नको, तू स्वतः फोन उचल आणि एक शब्द सांग. मी फोन उशाशीच ठेवतो. लवकर कळव.

तुझाच,
केरबा