डॅशबोर्डवरची कॅसेट

९ मे, अहेरी

मिळाली! तीन वर्षं मागे लागले होते. रहीमभाऊंनी आज दुकानातल्या उघड्या रेडिओंमागून डबा काढला, कॅसेट रुमालानं पुसली आणि माझ्या हातात ठेवली.

'टीकवुड्स' बँडचं एकमेव रेकॉर्डिंग. खाण कॉलनीच्या क्लबात सगळे परदेशी रॉक गाणी उचलून वाजवायचे, तेव्हा या चौघांनी इथल्या झाडीबोलीत स्वतःचं गाणं बांधलं. रहीमभाऊ गिटारवर, तीही रेडिओला जोडलेली. गायला अशोक. तो पंचविशीतच तापानं गेला. बाकी दोघंही आता नाहीत.

"अशोकचा एक फोटोबी नाई आमच्यापाशी," म्हणाले. "आवाजच आहे."

मलाच का दिली, विचारलं. गल्ल्याखालून माझं पहिलं पुस्तक बाहेर काढलं त्यांनी. स्टुडिओतल्या माणसानं एका बँडची टेप निष्काळजीपणानं पुसली, त्यावरचं प्रकरण उघडलं. पेन्सिलीच्या खुणाच खुणा.

"त्याले तुमी बरोबर झाडलं. म्हणून देऊन राह्यलो बाई."

इथे वाजवू दिली नाही. त्यांचा प्लेअर पट्टी खातो.

१० मे, चंद्रपूर

वाटेत गोंडपिपरीला जेवायला थांबले. तिथे एक म्हातारे भेटले, क्लबात ऐकायला जायचे. दीड तास बोलत बसले. मूर्ख बाई! गाडी उन्हात, कॅसेट डॅशबोर्डवर. आज किती तापलं होतं हे इथे जन्मलेल्या माणसाला सांगावं लागतं का?

डबी हातात धरवेना. पापडासारखी वाकलीय.

कुणाला सांगू. रात्री जेवले नाही.

११ मे

गजूभाऊ, टीव्ही-टेप दुरुस्तीवाले. कॅसेट उघडली आणि चष्मा वर केला. "पट्टीच्या कडा दुमडल्या बाई. उन्हात ठेवली का?"

होकारार्थी मान हलवली.

पट्टी दुसऱ्या डबीत घातली त्यांनी, फार जपून. सुरुवातीची गिटार येते. छान येते, तेच वाईट. मग अशोक गायला लागतो आणि आवाज लांबतो, बुडतो. शब्द एकही कळत नाही. दुसरं कडवं तर नुसती घरघर.

"जास्त वाजवू नका," गजूभाऊ म्हणाले. "आहे तेबी जाईन."

१३ मे

नव्या पुस्तकाच्या संपादकांचा फोन. रेकॉर्डिंग असेल तरच हे प्रकरण, नाहीतर ऐकीव गोष्ट. बरोबर आहे त्यांचं. मीच त्यांना दहा वेळा सांगितलंय, पुरावा आहे म्हणून.

रहीमभाऊंचे चार मिसकॉल. उचलला नाही.

१४ मे

आज ते पुसलेल्या टेपवालं प्रकरण पुन्हा वाचलं. किती चुरचुरीत लिहिलंय मी! 'त्याला झोप कशी लागत असेल?' असंही आहे. लागत नाही, बाई. आता माहीत झालं.

१६ मे

काल एक नीच विचार आला, लिहूनच ठेवते. झाडीपट्टीच्या नाटकांत गाणारा एक ओळखीचा आहे, कुणाचाही आवाज हुबेहूब काढतो. रहीमभाऊंना शब्द पाठ असणार, लिहून घ्यायचे, त्याच्याकडून गाऊन घ्यायचं, वर घरघर टाकायची. रहीमभाऊंना ऐकू कमी येतं. संपादक तर अशोकला ओळखतही नाहीत.

त्याला फोनसुद्धा लावला. तो "बोला ताई" म्हणाला आणि मी ठेवून दिला.

१७ मे

शेवटी रहीमभाऊंचा फोन उचलला.

"काऊन बाई, फोन काऊन नाई उचलून राह्यल्या? आयकली का?"

"ऐकली."

"कसा हाय अशोक?"

इथे सांगायचं होतं. एक वाक्य होतं फक्त. मी म्हटलं, "गिटार फार सुंदर आहे, भाऊ."

"गिटारचं जाऊ द्या ना. अशोक?"

लाइन खराब आहे म्हणाले मी. लाइन स्वच्छ होती. लाज वाटते.

१९ मे

निरोप ठेवलाय त्यांनी. उद्या सकाळच्या बसनं येताहेत. "मले आता कानाची साथ नाई बाई. पुरा बहिरा व्हायच्या आंधी एकडाव आयकून घेतो. त्याचा आवाज मी कसाबी ओळखीन."

पाचदा ऐकला हा निरोप. येऊ नका म्हणायला फोन लावला, बंद येतो.

२० मे, चंद्रपूर बसस्टँड

अकरा वाजले. कॅसेट पिशवीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. आता सुचतंय फडकं.

पहिलं वाक्य ठरवलंय: भाऊ, माझ्याकडून बिघडली. पुढचं ठरत नाही. पुस्तक गेलं तर गेलं, ते मी सोसेन. पण ह्या माणसाकडे मित्राचं एवढंच उरलं होतं, आणि ते मी

अहेरीची बस लागली. रहीमभाऊ उतरताहेत. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. प्लेअर. दुरुस्त करून आणलाय वाटतं.

मला बघितलं. तिथूनच ओरडताहेत, "सेल नवीन टाकले बाई! इथीच बसू, पंख्याखाली!"

हसताहेत.

वही मिटते.