सलग दोनशे एकतीस

मंगळवार, ६ नोव्हेंबर २०१२

क्लिफ सकाळपासून आरशासमोर! क्लबचा कोट पोटावर बसत नाही. बटण लावलं की श्वास अडकतो, श्वास घेतला की बटण उडतं. मी म्हटलं, उघडाच घाल — भिंतीवर तुझं नाव लागणार आहे, पोट नाही.

सतरा तारखेला सामन्याच्या मध्यंतरात नावांच्या भिंतीचं अनावरण. थॉर्नबेक टाउन फुटबॉल क्लबकडून जो कुणी एक सामना जरी खेळला असेल, त्याला नंबर — ज्या क्रमाने पहिल्यांदा मैदानात उतरला, त्या क्रमाने. क्लिफचा ३१८. शिवाय त्याची वेगळी पितळी पाटी: सलग २३१ सामने, एकही न चुकवता. बटाटे आणायला गेला तरी लोक "काय, दोनशे एकतीस!" अशी हाक मारतात. पन्नास वर्षांत त्याला कंटाळा यायला हवा होता. येत नाही. उलट दोनदा बटाटे आणतो.

बुधवार, ७ नोव्हेंबर

शाळेच्या ग्रंथालयातली रोझलिन आली होती. क्लबचा इतिहास तीच लिहितेय. परगावच्या जुन्या सामन्यांची छापील पत्रकं हवी आहेत, कारण क्लबच्या वहीत बऱ्याच चुका आहेत म्हणे. माझ्या भावाचे, हॅरॉल्डचे तीन खोके माळ्यावर पडून आहेत, ते मीच तपासून देते म्हटलं.

संघ छापला जायचा आठवडाभर आधी. ऐन वेळी कोण बदललं ते सामन्याआधी कर्ण्यावर सांगायचे, आणि सगळं मैदान पेन्सिल काढून खाडाखोड करायचं. हॅरॉल्ड तर पेन्सिल कानावर घेऊनच जन्माला आला होता. बोलायचा मात्र नाही. आईच्या अंत्यविधीलासुद्धा चार शब्द बोलला, त्यातले दोन हवामानाबद्दल.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

नव्वद पत्रकं झाली. डोळे गेले. हॅरॉल्डने दर मैदानावरच्या मटण-पाईलासुद्धा दहापैकी गुण दिलेत!

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

हे काय वाढून ठेवलंय माझ्यापुढे!

कार्नफोल्डचं मैदान, २४ नोव्हेंबर १९६२. पाच नंबरला छापलंय 'रॉन्सली', म्हणजे आमचा क्लिफ. त्यावर पेन्सिलची रेघ. वर हॅरॉल्डच्या बारीक अक्षरात 'सटक्लिफ'. खाली: 'धुकं. काही दिसलं नाही. ०–५ म्हणे. पाई सात.'

सटक्लिफ म्हणजे अर्नी! आमचा प्लंबर, पलीकडच्या गल्लीतला. या घरातला एक नळ नाही ज्याला अर्नीचा हात लागला नाही. दर गुरुवारी क्लिफबरोबर डॉमिनो खेळायला येतो, चार चमचे साखर घालून चहा पितो, शनिवारी क्लिफच्या शेजारी बसून सामना बघतो. तरुणपणी राखीव संघात होता एवढं ठाऊक होतं. पण पहिल्या संघात खेळला, हे पन्नास वर्षांत एकदाही त्याच्या तोंडून निघालं नाही.

तो सामना क्लिफच्या २३१ मधला एकशे नववा. म्हणजे मालिका तुटते! मी तेव्हा लीड्सला नर्सिंग शिकत होते, क्लिफला ओळखतही नव्हते. पत्रक पिठाच्या डब्याखाली सारून ठेवलंय. क्लिफ बाहेर शिट्टी वाजवत बूट चमकवतोय.

रविवार, ११ नोव्हेंबर

दोन दिवस पोटात ठेवलं. आज जेवण झाल्यावर पत्रक त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

त्याने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग सांगितलं सगळं. बहिणीकडून परस्पर गाडीने निघाला होता, धुक्यात गाडी जंक्शनवर चार तास उभी. पोचला तेव्हा सामना संपून संघ अंघोळीच्या हौदात. तेव्हा बदली खेळाडू नसायचे, पण कुणी आजारी पडलं तर म्हणून बारावा गडी सोबत असायचा. तो अर्नी. धुक्यामुळे आपल्या गावचं जवळजवळ कुणी पोचलं नाही, पेपरचा बातमीदारही नाही. त्याने छापील नावंच छापली, क्लबने तीच वहीत उतरवली.

"आणि तू?"

"मी गप्प बसलो."

"पन्नास वर्षं?"

"हो."

तिथेच माझं डोकं सणकलं. म्हटलं, गरीब बिचाऱ्याचा एकुलता एक सामना खिशात घालून गावभर मिरवतोस, आणि वर त्याच्याकडूनच नळ दुरुस्त करून घेतोस! लाज कशी वाटत नाही?

क्लिफ एवढंच म्हणाला, "अर्नीला आधी विचार."

अर्नीला काय विचारायचं! तो नाहीच म्हणणार. उष्टा कपसुद्धा धुऊन ठेवणारा माणूस तो. ही निव्वळ पळवाट आहे.

सोमवार, १२ नोव्हेंबर

पत्रक रोझलिनला दिलं. ती जिन्यातच बसली. भिंतीवर लावायचे आठशेच्या वर नावा-नंबरांचे बिल्ले तयार आहेत. मध्ये एक माणूस घुसवायचा तर पुढच्या प्रत्येकाचा नंबर एकाने सरकणार! संध्याकाळी समितीने तोडगा काढला. अर्नी ३४१ अ.

एखाद्या घराच्या पत्त्यासारखं वाटतं मला ते. पण मिळाला ना!

मंगळवार, १३ नोव्हेंबर

पितळी पाटी रद्द. मालिकेचे दोन तुकडे झाले, १०८ आणि १२२. विक्रम आता गोलकीपर पर्सी लमचा, सलग १४०. पर्सीने दिवसात तीनदा फोन केला. क्लिफ तिन्ही वेळा "अभिनंदन, पर्सी" म्हणाला आणि फोन हळूच ठेवला. माझ्याशी भांडलाही नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

जरासं वाईट वाटलं. मग अर्नी आठवला आणि वाटायचं थांबलं.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

अर्नी डॉमिनोला आला नाही. कुठेतरी पाइप फुटलाय म्हणे. क्लिफ एकटाच सोंगट्या मांडून बसला होता.

अर्नीची बायको बेरिल मात्र नाचतच आली. नवी हॅट घेतलीय! "आमच्या लग्नाच्या तीन आठवडे आधीचा सामना, नॉर्मा, आणि मला एका शब्दाने बोलला नाही हा!" तिचे वडील खाटीक. टाउन हरलं की सोमवारी दुकान उघडायचे नाहीत, इतकं वेड. आज ते हवे होते, असं म्हणून डोळे पुसत होती. मी म्हटलं, बघ, आता तरी सगळ्यांना कळेल तुझा नवरा काय चीज आहे ते.

शनिवार, १७ नोव्हेंबर

काय दिवस होता!

मध्यंतरात एकेकाला नंबराने हाक. बावीस म्हातारे मैदानात उतरले. कुणी काठीवर, कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, आणि पर्सी लम हात हलवत राजासारखा! क्लिफ गेला कोट उघडा टाकून. मग कर्ण्यावर आलं, "तीनशे एक्केचाळीस अ, अर्नी सटक्लिफ." सगळं मैदान उठून उभं राहिलं. अर्नीचा चेहरा दाढ काढायला आलेल्या माणसासारखा. पाऊल उचलेना त्याचं. शेवटी क्लिफच मागे फिरला, पाठीवर हात ठेवून त्याला पुढे घेऊन गेला, आणि सगळ्यात जोरात टाळ्याही त्यानेच वाजवल्या.

बेरिल माझ्या खांद्यावर रडली. तिच्या हॅटचं पीस माझ्या डोळ्यात, म्हणून मीही रडले. नुसतं पिसामुळे नाही, खरं सांगते. इतका अभिमान मला माझ्या लेकाच्या पदवीच्या दिवशीही वाटला नव्हता. मी केलं ते बरोबरच केलं.

टाउन ०–२ हरलं. कुणाला पडलंय!

रविवार, १८ नोव्हेंबर

अर्नी मागच्या दाराने आला. क्लिफ भाजीच्या वाफ्यावर गेलाय हे बघूनच आला होता. बसला नाही.

"नॉर्मा, त्या पाचांतले दोन गोल माझे. आपल्याच जाळ्यात. धुक्यात दिशाच कळेना. त्यांच्या फॉरवर्डने सगळे आपल्या नावावर घेतले, पण माझं मला ठाऊक होतं. बेरिलच्या बापाच्या कानावर गेलं असतं तर लग्न मोडलं असतं त्याने. मी हौदात बसून क्लिफपुढे हात जोडले — नाव तुझंच राहू दे. त्याला तो सामना आपल्या नावावर नको होता. मी शपथ घातली." काल टाळ्या वाजत होत्या तेव्हा कुणीतरी आता 'आपल्याच जाळ्यात!' असं ओरडेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बेरिलला सांगू नकोस म्हणाला, आणि जाता जाता सवयीने स्वयंपाकघरातला नळ घट्ट करून गेला.

पाटी गेली, पर्सीचे फोन आले, मी वाट्टेल ते बोलले — आणि माझ्या नवऱ्याने तोंडातून एक शब्द काढला नाही!

क्लिफ कांद्याच्या पाती घेऊन आला. मी त्याची माफी मागितली. म्हटलं, अर्नी येऊन गेला, त्या दोन गोलांचं सांगितलं त्याने.

क्लिफ मुळांची माती झटकत राहिला.

"दोन? मला तीन सांगितले होते."