करवतीखाली टिकलेले दगड

३ मार्च, सोमवार

जिंकलो! विहीर वाचली. निदान पंधरवड्यापुरती तरी.

आजच्या बैठकीत मोठे साहेब सिमेंट ओतून तिचं तोंड बंद करायलाच निघाले होते. खाली गॅस आहे, पण चुनखडी इतकी घट्ट की तो बाहेर येत नाही – विषय संपला, म्हणे. मी उठलो. म्हटलं, दोष खडकाचा नाही, आपल्या घाईचा! दाब देऊन आपण खडकाला भेग पाडतो, तिच्यात अ‍ॅसिड सोडतो, आणि ते अधाशी अ‍ॅसिड दाराशीच खडक खाऊन संपतं. आत पोचतच नाही. माझं अ‍ॅसिड डिझेलमध्ये घुसळलेलं. ते सावकाश खातं, लांबवर जातं, भेगेच्या दोन्ही भिंती खडबडीत करत जातं. दाब काढला की भेग मिटायला बघेल, पण खडबडीत भिंती एकमेकींना पुरत्या चिकटणार नाहीत. मधून गॅसला वाट!

राजे, सेनापती, वेढे – सगळे दाखले दिले. टाळ्या! चौदा तारखेला पंप लागणार.

एकच व्यक्ती टाळ्या वाजवत नव्हती. भूगर्भ विभागाची. म्हणजे ही. माझीच बायको!

"भाषण छान झालं," गाडीत म्हणाली. "खडकाला कळवलंस का?"

५ मार्च, बुधवार

जेवताना आईने विचारलं, "आज काय केलंस?"

म्हटलं, दगडाला अ‍ॅसिड पाजलं.

"आणि त्याचा पगार देतात?"

ही इतकी हसली की ठसका लागला.

हसा! प्रयोगशाळेतले आकडे माझ्या बाजूने आहेत. खडकाच्या दोन चकत्या समोरासमोर ठेवायच्या, मधून अ‍ॅसिड सोडायचं, मग यंत्रात घालून दाबायच्या. कितीही दाबा – वाट उघडीच! हिला आकडे दाखवले. बराच वेळ बघत बसली. "तुझे दगड फारच गुणी आहेत," एवढंच म्हणाली.

जळते!

१० मार्च, सोमवार

करवतवाला रजेवर. मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवायला एक देखणी चकती हवी होती, म्हणून स्वतःच कापायला बसलो. विहिरीतून आणलेला खडक. पहिल्या तुकड्याचा करवतीखाली भुगा. कचऱ्याच्या पिंपात टाकला. दुसऱ्याचाही. तिसरा तर हातातच फुटला. चौथा टणक निघाला – झकास चकती! तिची कड घासायला घेतली आणि हात थांबला.

मी आत्ता काय केलं? मऊ होता तो फेकला, टणक होता तो ठेवला. आजवर चाचणीला आलेली प्रत्येक चकती अशीच आली असणार! कुणी लबाडी केली नाही. निवड करवतीनेच केली. जो खडक टिकतो त्याचीच परीक्षा, आणि तोच पास! पण विहिरीत मऊ खडकाला बाजूला कोण सारणार?

पिंपात डोकावलो. काठोकाठ भरलं होतं.

११ मार्च, मंगळवार

भुगा होऊ नये म्हणून मऊ तुकडे राळेत बसवून कापले. अ‍ॅसिड सोडलं. दाबलं. भिंती ओल्या खडूसारख्या बसल्या. वाट बंद.

पुन्हा केलं. तेच.

अ‍ॅसिड जितकं सावकाश, तितका खडक जास्त वेळ भिजतो, तितका मऊ पडतो. ज्या संथपणाचे मी गोडवे गायले तोच विहिरीचा गळा आवळणार!

हिला सांगितलं. वाटलं, आता ऐकवणार. "आधी जेव," म्हणाली.

मग ओट्याशेजारच्या टेबलावर कागद पसरले. हिच्या नकाशात मऊ थर स्वच्छ दिसतात – सगळे वरच्या भागात. "तिथे शिरूच नकोस ना! खाली टणक आहे, तिथे कर." आणि तिथे तरी सगळी भिंत कशाला खायची? आधी दाट जेल, मग पातळ अ‍ॅसिड, पुन्हा जेल. अ‍ॅसिड जेलमधून बोटांसारखं घुसेल, रेघारेघांनी खाईल. मधला न खाल्लेला खडक खांबांसारखा उभा राहून भेग तोलून धरेल. अर्धं तिने सुचवलं, अर्धं मी. कुठलं कुणाचं, आता सांगता येणार नाही.

आई दारात. "आज भांडण नाही? बरं आहे ना दोघांना?"

१२ मार्च, बुधवार

बैठकीत उठलो. आज राजे नाहीत, सेनापती नाहीत. पिशवीतला भुगा टेबलावर ओतला. म्हटलं, माझी पद्धत वापरू नका, मी फक्त चांगले दगड तपासले. दुसरी पद्धत आहे, पण तिची अजून एकही चाचणी झालेली नाही.

मोठे साहेब भुग्यातून बोट फिरवत राहिले. "त्या दिवशी तुम्ही मला पटवलंत. आज उलटं पटवताय. उद्या काय?"

मी भुगा पिशवीत भरू लागलो. ते उठले.

"सिमेंट. परवा." दाराशी थांबून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वेळेवर सांगितलंत हे मोठं काम केलंत. पण आता पुरे."

ही एक शब्द बोलली नाही. एक शब्द!

१३ मार्च, गुरुवार

ही पहाटेच विहिरीवर गेली. सिमेंट भरण्याआधीची शेवटची मोजणी, म्हणाली. काल गप्प का बसलीस, असं विचारायचं होतं. विचारलं नाही. बॅगेची चेन अडकली होती, ती लावून दिली.

खाली गॅस आहे. नक्की आहे! आता तो कुणाचाच नाही.

१४ मार्च, शुक्रवार

फोन लागत नाही. भरलं असेल सिमेंट.

१६ मार्च, रविवार

सकाळी हिचा फोन. "ऐक," म्हणाली. मग घरघर. आधी वाटलं वारा. मग कळलं – ज्वाळा! विहिरीतून गॅस येऊ लागला की नळीच्या टोकाशी पेटवतात, ती!

"मोठ्या साहेबांकडून दोन दिवस मागून घेतले. माझ्या जबाबदारीवर. जेल, अ‍ॅसिड, जेल – फक्त खाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू भाषण केलं असतंस."

आई विचारत होती, कोण आहे, काय झालं. मी फोन तिच्या कानाला लावला.