घनश्यामशेठचा काटा

आंबागड, ४ नोव्हेंबर २०२४

चि. संघपालले बाईचा जय भीम अन् आशीर्वाद. वि. वि.

तू फोन उचलून नाई राहिला, म्हणून कागद लिहून राहिली. कागद मधातच कापता येत नाई. किडनी देते म्हटल्यापासून तू असा रुसला, जसं मीच तुझी मांगितली!

मे महिन्यात दवाखान्यात माझं वजन चौऱ्याऐंशी भरलं. डॉक्टर म्हणाले, सत्तरच्या आत या, मंगच तुमची किडनी भावाले देता येईल. आता घनश्यामशेठच्या धानाच्या काट्यावर बहात्तर हाय. पहिले किलो भराभर गेले, अन् हे शेवटचे दोन गोचिडावानी चिपकले. महिना झाला, काटा हालत नाई. रोज सकाळी गड चढते. बायका विचारतात, वरतं कोणता राजा वाट पाहून राहिला. सारं गाव नव्या तांदळाच्या वासानं भरलं अन् मी काकडी चावून राहिली. काल तृप्तीच्या ताटातला घास उचलला त माझ्या पोरीनंच माझा हात धरला. रडूच आलं बाप्पा.

दोन डिसेंबरले तपासणी हाय. तू पाणी मोजूनच पे. उत्तर नाई आलं त वरठीले येऊन कान पिळीन.

तुझी बाई, रत्नमाला

वरठी, ११ नोव्हेंबर

ती. बाईले संघपालचा जय भीम. वि. वि.

पहिले भांडण. तृप्ती सांगत होती, तू धान कापता कापता बांधीत चक्कर येऊन पडली. मले वाचवाले गेली अन् तुलेच काही झालं, त परसराम भाऊजीले कोणतं तोंड दाखवू?

मलेही काट्यावर उभं राहा लागते, बाई. मंगळवारी अन् शुक्रवारी, डायलिसिसच्या आधी. मधल्या दिवसांत अंगात दोन किलोच्या वर पाणी चढाले नको म्हणतात. ह्या शुक्रवारी साडेतीन चढलं. नळाखाली तोंड लावून पेलो, लपून. नर्सबाई रागावल्या. मले काही वाटलं नाई, हे सांगतो तुले. दोन वर्षं झाली, थकलो मी. तुले लेकरं हायेत. भात खाय, माझा नाद सोड.

नाद सोड म्हटलं, माया नाई.

तुझा संघपाल

आंबागड, २५ नोव्हेंबर

चि. संघपालले आशीर्वाद. वि. वि.

एकोणसत्तर किलो आठशे! शेठले दोनदा पाहाले लावलं. चार दिवस नुसत्या ताकावर होती, गड दोनदा चढली. इतके वर्षं आपलं धान मोजताना ह्याच काट्याले शिव्या दिल्या, आज त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आता तुझं थकणंबिकणं चालाचं नाई. सोमवारी नागपूरले जाते.

कान पिळण्यावाचून सुटलास.

तुझी बाई

आंबागड, ३ डिसेंबर

चि. संघपाल यास,

बहात्तर किलो दोनशे.

दवाखान्याच्या काट्यावर तीनदा चढली. चपला काढल्या, बांगड्या काढल्या. बहात्तर किलो दोनशे. वजन घेणाऱ्या पोरीले म्हटलं, तुमचा काटा बिघडला. अन् बोलता बोलताच डोक्यात उजेड पडला. घनश्यामशेठचा काटा कमी दाखवते हे लहान लेकराले माहीत. पोत्यामागं दोन किलो खाते म्हणून मीच भर बाजारात त्याच्यासंग भांडली होती. पण माझं वजन कमी दाखवलं तवा लगेच विश्वास ठेवला. अशी अक्कल माझी!

डॉक्टर म्हणाले, पंधरा जानेवारीले या. परतताना भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरली अन् दोन ताटं भात खाल्ला. तुझ्या घरी आली नाई, तोंडच नव्हतं. आता नाई होत रे माझ्याच्यानं. सहा महिने झाले, स्वप्नातही काटाच दिसते. तू म्हणत होतास तेच खरं. सोडते मी.

माफ कर.

बाई

वरठी, ७ डिसेंबर

ती. बाईले जय भीम. वि. वि.

तुझा कागद चारदा वाचला. तू सोडते म्हटलं, त मले सुटल्यासारखं वाटाले पाहिजे होतं. मीच म्हणत होतो ना! पण मले मरणाचं भेव वाटलं. तवा समजलं का मी इतके दिवस खोटं बोलून राहिलो होतो. तू देशील हे पक्कं होतं, म्हणून नको म्हणाची ऐट होती.

तू हारली नाई, बाई. चौऱ्याऐंशीचे बहात्तर खरेच झाले, ते काही शेठनं खाल्ले नाई. राहिले दोन, अन् वरचे दोनशे ग्राम.

तुमसरच्या एसटीनं एक वजनकाटा पाठवून राहिलो. नवा हाय. काल डायलिसिसच्या खोलीत नेऊन पाहिला. तिथल्या काट्यावर चौपन्न भरलो, ह्याच्यावरही चौपन्नच. पण उपाशी राहून पडू नको. दोन्ही वेळ जेव, मूठभर भातही खाय, अन् डॉक्टरले विचारूनच कर. मी सकाळी बाटली भरून ठेवली, दिवसभराचं पाणी तेवढंच. दुपारचे दोन वाजले, अर्धी हाय अजून. जीभ टाळूले चिपकली, पण हाय.

आजपर्यंत मी तुले किडनी मांगितली नव्हती. आता मांगून राहिलो. मले जगाचं हाय, बाई.

तुझा लहान भाऊ,
संघपाल