न झालेल्या सामन्यातले चार होम रन

१६ मे १९९१

प्रिय डेल्मर,

तुझं पत्र सोमवारी पोचलं. पुढच्या शनिवारी आमच्या मैदानाला ऑरिनचं नाव देणार आहेत, त्यासाठी तू आर्कान्साहून एवढ्या लांब गाडी चालवत येणार आणि त्याच्याबद्दल बोलणारही, हे वाचून बरं वाटलं. मग मी पत्राची घडी केली आणि तीन दिवस ते उघडलं नाही. तू लिहिलं आहेस, 'मिस व्हर्ना, माझ्या आयुष्यातला सगळ्यात सरळ माणूस ऑरिनच.' होता तो सरळ. एक दुपार सोडून. ती दुपार तुझी होती, डेल्मर, म्हणून लोकांसमोर उभा राहण्याआधी ती तुला कळायला हवी.

फेब्रुवारीत तो गेला तेव्हा त्याला फार त्रास झाला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही तसंच कळवलं. खरं म्हणजे शेवटचे चार दिवस त्याचे हात थांबत नव्हते. चादरीचा काठ मुठीत धरायचा आणि ओढायचा. नर्स म्हणाली, "थंडी वाजत असेल." थंडी नव्हती वाजत. बत्तीस वर्षं मैदान राखणारा, पाऊस आला की त्यावर ताडपत्री ओढणारा नवरा माझा. कुठला कोपरा धरलाय ते मला त्याच्या मनगटावरून कळत होतं. मी म्हणायचे, "सोड रे, वाळलं सगळं." तो डोळे न उघडता म्हणायचा, "नाही वाळलं."

तो सत्तावन्न सालचा ऑगस्ट. तू तेव्हा पाहुण्या संघात होतास, आम्ही तुला ओळखतही नव्हतो. मी प्रेक्षकांच्या स्टँडखाली सॉसेज विकत होते, आणि माझ्या खिडकीतून दिसायची ती फक्त डाव्या बाजूची कुंपणाची फळी. पहिल्या डावात तू मारलेला चेंडू तिच्यावरून पार गेला: होम रन. तिसऱ्या डावात दोनदा गेला. माझ्या हाताखालचा म्हातारा मॅकॅलिस्टर सॉसेजला मोहरीची चटणी लावायची विसरून म्हणाला, "व्हर्ना, हा पोरगा आज बायकोशी भांडून आलाय बहुतेक." चौथ्या डावात चौथा गेला तेव्हा आमचेच लोक उभे राहिले, आपल्याच पिचरला हसायला लागले: "अरे, बॅटपासून लांब टाक की जरा!" एका सामन्यात चार होम रन! मोठ्या संघांतसुद्धा असं करणारे बोटांवर मोजण्याएवढे, हे मी नंतर वाचनालयातल्या पुस्तकांत वाचलं. आठवीनंतर शाळा सुटलेल्या बाईला पुस्तकं हीच शाळा, आणि त्या विषयावरचं होतं नव्हतं ते सगळं मी वाचलं आहे. का, ते तुला कळेलच.

सोळा-तीन असे आम्ही हरत होतो. चौथा डाव संपता संपता पश्चिमेकडून पाऊस आला. पाच डाव पूर्ण झाले नाहीत तर सामना धरत नाहीत, हे तुला मी काय सांगणार. वह्यांतून सगळं पुसलं जातं. धावा, बळी, सगळं. आणि त्या आठवड्यात एक सामना गेला असता तर आमची पहिली जागा गेली असती.

पंचांनी ताडपत्री घालायला सांगितली. ऑरिनची माणसं एरवी दीड मिनिटात अख्खा चौकोन झाकायची. त्या दिवशी पंचाने घड्याळ बघितलंसुद्धा नाही, कारण ताडपत्री ऑरिनच्या हाती होती आणि त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास. म्हणूनच संघाचा मालक हॅगर्टी याला हा मुद्दाम उशीर दुसऱ्या कुणाकडून करून घेता आला नसता. माणसं धावली, ओरडली, ओलीचिंब झाली. पण गुंडाळी उलट्या बाजूने सोडलेली होती. ती परत फिरवावी लागली. मग वाऱ्याने एक कोपरा उचलला, आणि तो कोपरा ऑरिनच्या हातात होता. वीस मिनिटांत पाऊस थांबला. ताडपत्री काढताना तिच्यावर साचलेलं सगळं पाणी पहिल्या बेसकडे धावायच्या वाटेवर ओतलं गेलं. काढताना कुठून धरली तर पाणी कुठे जातं, हे त्याच्याइतकं कॅन्ससमध्ये कुणाला माहीत नव्हतं. पंच चालत गेला, त्याचा बूट घोट्यापर्यंत रुतला आणि त्याने दोन्ही हात हलवले. संपलं. सामना झालाच नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या संघाने तुला घेतलं, आणि खेळाडूंना ठेवून घेणाऱ्या घरांच्या यादीत आमचं घर पहिलं होतं. तू दारात पेटी घेऊन उभा राहिलास तेव्हा ऑरिन मागच्या दाराने बाहेर गेला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही. दोन उन्हाळे तू आमच्या टेबलावर जेवलास. बटाट्यावर सॉस ओतता ओतता तो किस्सा सांगायचास: "देव म्हणाला, डेल्मर, एवढा माज बरा नव्हे, आणि नळ सोडला!" आमचा थोरला कर्ट, तेव्हा आठ वर्षांचा, हसून खुर्चीवरून पडायचा. ऑरिन ताटाकडे बघत राहायचा. एकदा तू म्हणालास, "ऑरिन, तू होतास की तिथे. सांग या पोराला, मारले की नाही चार?" तो म्हणाला, "मारलेस." एवढंच. न्हाव्याच्या दुकानात लोक तुला चिडवायचे, "चार मारले म्हणे! कागद दाखव, कागद!" तेव्हाही तो तिथेच खुर्चीत बसलेला असायचा, अर्धी दाढी झालेली.

पण ज्याने त्याची झोप गेली ती गोष्ट वेगळी. तू मला मटार सोलायला मदत करत होतास आणि सहज बोलून गेलास, की त्या दुपारनंतर तू वडिलांना पत्र लिहिलंस, आणि त्यांनी उत्तरात एकच ओळ लिहिली: 'पेपरात काही आलेलं नाही.' पुढच्या वसंतात ते गेले. मुलगा बढाया मारतो, असं समजून गेले. हे मी ऑरिनला सांगितलं, डेल्मर. सांगायला नको होतं. त्यानंतर पाऊस आला की तो व्हरांड्यात जाऊन उभा राहायचा आणि ओठांतल्या ओठांत सेकंद मोजायचा. नव्वदपर्यंत. परत एकपासून. साठ साली तुला संघातून काढलं, तू जायला निघालास, तेव्हा तो तुला बसपर्यंत सोडायला आला होता तो सांगण्यासाठीच. परत आल्यावर म्हणाला, "त्याने मला मिठी मारली, व्हर्ना. मग कसं सांगणार?"

आतापर्यंत वाचून तुला वाटेल, ही बाई मेलेल्या नवऱ्यावर चिखल उडवून मोकळी होते आहे. म्हणून उरलेलं लिहिते, आणि पत्र लिहायचं कारण तेच आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधी ऑरिन माझ्या खिडकीशी आला होता. म्हणाला, "हॅगर्टी म्हणतोय सावकाश कर. मी नाही करणार. त्या पोराने चार मारलेत." तो विचारायला आला नव्हता, सांगायला आला होता. कर्टच्या पाठचं पोटात होतं, पाचवा महिना. हिवाळ्यात ऑरिनला हॅगर्टीच्याच धान्याच्या कोठारावर काम मिळायचं. मी सॉसेज उलटत होते, वर बघितलंही नाही. म्हटलं, "तो पोरगा आपला कोण लागतो? सांगतात तसं कर." तो ताडपत्रीकडे गेला. चौतीस वर्षांत हे वाक्य त्याने एकदाही माझ्यासमोर उच्चारलं नाही, आणि मीही त्याला म्हटलं नाही की ते माझं होतं. सगळं त्याच्यावर राहू दिलं. तो चादर ओढत होता तेव्हासुद्धा मी 'वाळलं' म्हणत होते, दुसरं काही म्हणाले नाही. तू शनिवारी येऊ नकोस असं मी म्हणत नाही, ये असंही म्हणायचा मला हक्क नाही. तू आलास तर त्याच्याबद्दल जे लिहिलं आहेस तेच बोल, कारण ते खरं आहे. तुझ्यानंतर मी उठणार आहे. कमिटीला आजच कळवलं आहे. चारही चेंडू त्या फळीवरून जाताना मी पाहिले, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून पुसले गेले, हे त्याच मैदानावर माझ्या तोंडून सगळ्यांना ऐकू दे. तू ऐकायला असलास किंवा नसलास, तरी.

तुझीच,
व्हर्ना