चार बोटे उंच

कसाल,
रविवार, दि. २ मार्च २०२५

ती. लवूदादास,
हरिश्चंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राच्या आरंभी 'इकडील सर्व क्षेम' असे लिहिण्याचा प्रघात आहे. ते पूर्णांशाने खरे नसल्यामुळे लिहीत नाही. प्रकृतीपुरते विचारशील तर मी ठीक आहे. काजूच्या कारखान्यात नव्या बियांची आवक सुरू होण्यापूर्वीची झाडलोट चालली आहे आणि माझ्या हिशेबाच्या टेबलावर दोन दिवस धूळच धूळ आहे. सावित्रीवहिनींना नमस्कार सांग. त्यांनी सोलकढीसाठी पाठवलेले कोकमाचे आगळ संपले, हेही सांग.

फोनवर बोलता आले असते, हे खरे. परंतु गेल्या महिन्यात मी जेव्हा जेव्हा फोन केला तेव्हा तो वहिनींनीच उचलला, आणि प्रत्येक वेळी तू माडांना पाणी घालत होतास. एवढे पाणी तोंडवलीतल्या कोणत्याही माडाला मानवणार नाही, म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर आपण मालवणीत बोलतो, आणि मालवणीत तुझ्यापुढे माझा निभाव लागत नाही. एका वाक्यात तू मला गप्प करतोस. कागदावर मला निदान वाक्य पुरे करता येते.

प्रथम रॅलीचे वर्तमान. गाडी कोठेही बंद पडली नाही. तिलारीचा घाट चढताना इंजिन किंचित तापले, पण थांबावे लागले नाही. चंदगडाकडच्या जंगलवाटा, कातळ, एक कोरडा ओहोळ आणि एक न आटलेला, हे सारे पार करून आंबोलीमार्गे उतरलो. रॅलीच्या प्रत्येक तपासणी नाक्यावर नेमून दिलेल्या मिनिटाला पोचलो. आधी नाही, नंतर नाही. जुन्या गाड्यांच्या गटात दुसरा क्रमांक आला. चषक कारखान्यातल्या कपाटावर ठेवला आहे. घरी आणलेला नाही.

ही रॅली मुळात तुझी कल्पना, हे मी विसरलेलो नाही. बातमीचे कात्रण खिशात घालून तू एसटीने कसालला आलास आणि कारखान्याच्या फाटकातूनच ओरडलास, "हरी, आपली लाल गाडी पंधरा वर्सांच्या वयली आसा मा? मगे ती पास! जल्मात एकदा तुझ्यावांगडा घाट चढूचो आसा माका. तू चालव, मी वाट सांगतंय!" त्या वेळी माझ्यासमोर बाहेरगावचे व्यापारी बसले होते आणि मला संकोच वाटला. तरी त्यानंतरचा महिना मी आनंदात होतो, याचीही नोंद असावी.

गाडीचे काय काय केले ते तुला मी कधी नीट सांगितलेच नाही. गाडी तुझी असल्याने ते तुला कळायला हवे. तुझ्या गुडघ्यावर होडी घसरली त्या वर्षापासून ती झावळ्यांच्या छपराखाली उभी होती, आणि मागच्या सीटवर तुझ्या कोंबड्यांनी संसार थाटला होता. ती सीट काढून तिथे दोन जादा चाके बांधली. इंजिनाखाली जाड पत्रा ठोकला, म्हणजे दगड लागला तरी तेलाची टाकी फुटू नये. हवा ओढणारी नळी छतापर्यंत वर नेली, म्हणजे पाण्यात गाडीचा श्वास कोंडू नये. आतून लोखंडी नळ्यांचा पिंजरा केला. त्याची एक नळी दोन्ही दारांतून आडवी जाते. सीटा बदलल्या, तळ धुऊन रंगवला. तरीही दुपारी गाडी तापली की सुक्या बांगड्याचा वास येतोच. तो मी काढण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. आता करीत नाही.

आणि गाडी चार बोटे उंच केली.

ही उंची कशी वाढवली ते मी दोन परिच्छेदांत लिहू शकतो. स्प्रिंगा कोणत्या, टायर कोणते. काल रात्री तसे लिहिलेही होते. वाचून पाहिले आणि फाडले. कारण उंची कशी वाढवली हा प्रश्न तू विचारलेलाच नाहीस. तुझा प्रश्न वेगळा आहे, आणि तो न विचारता तू माडांना पाणी घालीत बसला आहेस.

दादा, आपण रॅलीची रंगीत तालीम म्हणून आचऱ्याहून आत रानात गेलो होतो, तो दिवस आठव. माझ्याकडे नकाशा होता, मांडीवर घड्याळ होते. शेजारी तू होतास.

"फुडे बाबल्याचो मांगर लागतलो, थंय डाव्याक मार," तू म्हणालास.

मी म्हणालो, "बाबल्याचो मांगर नकाशार नाय."

"नकाशार नाय म्हणान मांगर खंय पळान गेलो?"

मांगर लागला, शेताच्या बांधावरची ती खोप. तिथे बाबल्या स्वतः शेतात होता, आणि तू मला गाडी थांबवायला लावून त्याच्याशी त्याच्या म्हशीच्या बाळंतपणाविषयी सविस्तर बोललास. पुढे एका घरी ताक झाले, दुसऱ्या घरी पोफळीची रोपे पाहून झाली. ज्या जागी दहाला पोचायचे होते तिथे आपण दुपारी पोचलो, आणि उतरताना तू म्हणालास, "बरी झाली मा रॅली?"

त्या संध्याकाळी मी ठरवले की तुला बरोबर न्यायचे नाही. असे ठरवण्याचा मला अधिकार होता असेही मी मानून चाललो. गाडी तुझी, बेत तुझा, आणि अधिकार माझा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. ही वजाबाकी मला त्याच दिवशी जमायला हवी होती.

ठरवले, पण तुला सांगण्याचे धैर्य झाले नाही. दुसऱ्या आठवड्यात गाडी कॉन्स्टान्सियोच्या गॅरेजात दिली. उंची वाढवण्याची सक्ती नियमावलीत नव्हती. 'आवश्यक वाटल्यास' एवढेच म्हटले होते. मला आवश्यक वाटली. पिंजऱ्याची आडवी नळी दारात कोठे बसवायची हे ठरत असताना कॉन्स्टान्सियो हातातली वेल्डिंगची काच खाली करून म्हणाला, "सायबा, ही नळी हंय मारली तर लवूबाब बसतलो खंयसून?" गाडी पुन्हा चालू केल्यापासून तू तिच्यात कसा बसायचास हे त्याला ठाऊक होते: आधी पाठमोरा होऊन सीटवर टेकायचे आणि मग न वाकणारा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायचा. "ह्या पायाचा तिकीट येगळा काढूचा लागतला," असे तू दर वेळी म्हणायचास.

मी कॉन्स्टान्सियोला म्हणालो, "ते मागाहून पाहू."

तो मागाहूनचा दिवस म्हणजे रॅलीच्या आधीचा, तुझ्या अंगणातला. गाडी पुसून उभी केली होती. वाडीतली माणसे जमली होती. तू टोपी घातलीस, नारळ हातात घेतलास आणि गाऱ्हाणे घालायला उभा राहिलास. वडिलांनंतर आपल्या घरी गाऱ्हाणे तूच घालतोस, आणि मी तुझ्या उजव्या हाताला उभा असतो.

"बा देवा म्हाराजा! आज ही लाल गाडी तुझ्या पायाकडे उभी केली आसा. हिना आजवर बांगडे व्हायले, आता माणसां व्हातली, तर हिका बळ दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

"वाटेत कोण आडवो इलो तर तेका बाजूक कर, कोणाची नजर लागली तर ती टायराखाली घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि आमा दोघाय भावांका जसे नेतस तसेच, ह्याच गाडयेतसून, सुखरूप माघारी हाड रे म्हाराजा!"

सगळे म्हणाले. मी म्हणालो नाही. तुझ्या हातातला नारळ तसाच राहिला आणि तू मान वळवून माझ्याकडे पाहिलेस. इतक्या जणांच्या आवाजात एक आवाज कमी आहे हे दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आले नसेल.

लहानपणापासून तू माझ्या नावावरून चेष्टा करीत आलास, "हरिश्चंद्र मेलो, खोटा बोलूक गेलो तर ह्येका उचकी लागता." देवासमोर मला खोटे म्हणवले नाही, एवढेच त्या गप्प राहण्याचे कारण. दोघे जाणार नाहीत हे मला माहीत होते. देवाशी मी प्रामाणिक राहिलो. तुझ्याशी राहिलो नाही.

नंतर तू गाडीकडे गेलास. पाठमोरा झालास, सीट तुझ्या कमरेच्या वर होती आणि नळी आडवी होती. दोनदा प्रयत्न केलास. कोणीतरी मागून म्हणाले, "लवूदा, शिडी हाडू?" आणि तूच सर्वांच्या आधी हसलास. "ही गाडी नाय रे, माडी बांधल्यान ह्येणा!" अंगण हसले. त्या हसण्यात मी माझे वाक्य सरकवून दिले, "दादा, तुझ्या जागी आमच्या कारखान्यातला सुशांत बसेल. तेच सर्वांच्या सोयीचे होईल."

तू म्हणालास, "शुद्ध मराठीत सांगलंस म्हणजे हुकूमच झालो रे." मग सर्वांना खोबरे वाटलेस. मलाही दिलेस, हातावर ठेवलेस. पण तोवर तू दुसरीकडेच पाहत होतास.

जे मला तोंडाने सांगायला हवे होते, ते मी गाडीच्या उंचीकडून वदवले. तुझ्या पायाला नकार देऊ दिला. हे चार महिन्यांनी लिहितो आहे, आणि तेही कागदावर, ही लाज आहेच.

सुशांतला दोष देण्यासारखे काही नाही. तो यंत्रावर पाहून वळणे सांगायचा: दोनशे मीटरवर डावे, साठ मीटरवर उजवे. तीन दिवसांत आम्ही एवढेच बोललो. दादा, मी तिलारीचा घाट चढलो आणि तिथे काय पाहिले असे कोणी विचारले तर मला फक्त घड्याळ आठवते.

एकच जागा आठवते. पहिल्याच सकाळी इन्सुलीला एक नाका होता. गाडीचे मी सारे बदलले, पण तुझा तो बकरीसारखा हॉर्न बदलायचा राहिला होता. वळणावर तो वाजवला आणि चहाच्या टपरीतून तुझा टपरीवाला मित्र शंकर धावत बाहेर आला. तू बांद्याला मासळी पोचवायला जाताना रोज तिथे थांबायचास, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

"लवू इलो!" त्याच्या दोन्ही हातांत चहाचे ग्लास होते. खिडकीतून त्याने माझ्याकडे पाहिले, सुशांतकडे पाहिले, मागे पाहिले. "लवू खंय? फाटल्या सीटीर निजलो काय?"

मागे सीट नव्हती, चाके होती.

मी म्हणालो, "मागसून येता."

उचकी लागली नाही. शंकरने एक ग्लास मला दिला, दुसऱ्यावर बशी झाकून टपरीच्या फळीवर ठेवला आणि म्हणाला, "येवंदे. मी हंयच आसंय." आमची वेळ झाली होती. आम्ही निघालो. आरशात ती झाकलेली बशी दिसत होती. तो चहा नंतर त्याने काय केला असेल, हा विचार तीन दिवस माझ्याबरोबर होता आणि त्यानंतरही गेलेला नाही.

आल्यावर मी गाडी पुन्हा कॉन्स्टान्सियोकडे नेली. स्प्रिंगा काढून जुन्या मापाच्या बसवल्या. गाडी चार बोटे खाली आली. आता ती कातळावर घासेल. घासू दे. डाव्या दारातली नळी बोल्टांवर घेतली आहे. बसताना काढायची, बसल्यावर लावायची. दाराखाली फणसाच्या लाकडाची पायरी केली आहे. ती पुरते की नाही हे पाहण्यासाठी मी माझा उजवा गुडघा फळी लावून पंचाने करकचून बांधला आणि बसून पाहिले. पहिल्या खेपेस दारात डोके आपटले, दुसऱ्या खेपेस सरळ जमिनीवर बसलो. "सायबा, दशावतारात काम मिळाला काय?" असे विचारीत कॉन्स्टान्सियोने हात पुढे केला. तो हात धरून तिसऱ्या खेपेस बसलो.

म्हणजे पायरी पुरत नाही. कोणीतरी दाराशी उभे राहावे लागते. त्याची सोय कोणत्याही गॅरेजात होत नाही. ती मला करावी लागेल.

रॅली पुन्हा होईल किंवा होणार नाही. झाली तरी कात्रण खिशात घालून तू एसटीने आला होतास ती रॅली संपली. ती मी तुझ्याविना उरकून टाकली, आणि ती परत आणून देणे माझ्या हाती नाही. क्षमेचा शब्द मी वर कोठेही लिहिलेला नाही. तो मागण्याइतका माझा हक्क मला दिसत नाही.

मात्र येत्या रविवारी सकाळी मी गाडी घेऊन तुझ्या अंगणात येणार आहे. हॉर्न वाजवीन. तू बाहेर आला नाहीस तर वहिनींच्या हातचा चहा घेऊन परत जाईन आणि त्यापुढच्या रविवारी येईन. बाहेर आलास तर इन्सुली, मग दोडामार्ग, मग तिलारीचा घाट. नकाशा घेणार नाही. बाबल्याचा मांगर वाटेत नाही हे मला माहीत आहे. तरी त्याच्याकडे जाऊन म्हशीची चौकशी करू आणि मग वळू. माझे मनगटी घड्याळ आज टेबलाच्या खणात ठेवले आहे. इन्सुलीला मी जे बोललो ते खरे करणे आता केवळ तुझ्या हाती आहे.

एक उत्तर माझ्याकडे राहिले आहे. तू नारळ हातात धरून माझ्याकडे पाहिलेस, तेव्हा ते द्यायचे होते. तुझे शब्द मी विसरलेलो नाही: आम्हा दोघाही भावांना, याच गाडीतून, सुखरूप माघारी.

होय म्हाराजा.

तुझ्या उजव्या हाताला उभा राहणारा,
हरी